घोडा कुणाचा?

आंतरतारकीय साम्राज्यांच्या कादंबऱ्यांत फौज नेहमी तयारच असते. सम्राट हुकूम सोडतो आणि हजारो जहाजे एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे निघतात. त्या जहाजांवरचे कोट्यवधी शिपाई कोणत्या ग्रहावरून आले, त्यांना कुणी निवडले, त्यांचा पगार कोणत्या खजिन्यातून निघतो आणि मोडलेले जहाज कुणाच्या खर्चाने दुरुस्त होते, हे लेखक क्वचितच सांगतो. खरे तर साम्राज्य टिकणार की फुटणार हे रणांगणावर ठरण्याआधी याच प्रश्नांवर ठरते. त्यांची उत्तरे शोधण्यासाठी भविष्यात जाण्याची गरज नाही. गोदावरी आणि मांजरा यांच्या मधला बीडचा मुलूख सातशे वर्षे कोणत्या ना कोणत्या दूरच्या सत्तेच्या कडेवर राहिला. दिल्ली, बीदर, अहमदनगर, विजापूर, आग्रा, पुणे, हैदराबाद, आणि हैदराबादच्या आडून लंडन, या सगळ्यांनी इथे फौजा पाठवल्या, इथल्या महसुलावर फौजा पोसल्या आणि इथेच त्या गमावल्याही. यांपैकी कुणाचीही राजधानी या जिल्ह्यात नव्हती. म्हणूनच लांबून फौज कशी चालवतात हे पाहायला हा मुलूख राजधानीच्या शहरांपेक्षा अधिक उपयोगाचा आहे. या प्रकरणाचे म्हणणे एवढेच, की दूरच्या साम्राज्याच्या सैन्याबद्दलचा पहिला प्रश्न शिपाई किती हा नसून घोडा कुणाचा हा आहे. घोड्याच्या जागी तारकायान ठेवले तरी प्रश्न तोच राहतो.

आधी अंतराची गोष्ट. सूर्यानंतरचा आपल्याला सर्वांत जवळचा तारा सुमारे ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे. व्हॉयेजर-१ यानाचा वेग सेकंदाला साधारण १७ किलोमीटर आहे. त्या वेगाने तिथे पोचायला सुमारे ७५ हजार वर्षे लागतील, आणि प्रकाशाच्या एक दशांश वेगाने गेले तरी चाळीसहून अधिक वर्षे. तिथल्या सुभेदाराला पाठवलेल्या प्रश्नाचे उत्तर साडेआठ वर्षांनी येईल. असे अंतर मानवी इतिहासात कुणी अनुभवलेले नाही हे खरे. पण साम्राज्याच्या दृष्टीने अंतर मैलांत मोजायचे नसते. बंडाची बातमी राजधानीत पोचून तिथून फौज येईपर्यंत बंडखोराला किती काळ मिळतो, हे साम्राज्याचे खरे अंतर. मुहम्मद बिन तुघलकाला ते दिल्लीत बसून कळले होते. १३२७ च्या सुमारास त्याने दौलताबादेत दुसरी राजधानी वसवली. हा निर्णय वेडेपणाचा म्हणून शाळेत शिकवला जातो, पण त्यामागचे दुखणे खरे होते: दख्खन दिल्लीहून सांभाळता येत नव्हते. दख्खनमध्ये त्याची सत्ता ‘अमीरान-ए-सदा’ या सरदारांवर उभी होती. हे सरदार आपापल्या टापूत वसुली करत, तिच्यावर स्वार बाळगत आणि सुलतानाच्या नावाने लढत. सुलतान गुजरातच्या बंडात गुंतलेला असताना त्यांनी दौलताबाद ताब्यात घेतले, आणि ऑगस्ट १३४७ मध्ये त्यांच्यापैकीच एक जण अलाउद्दीन बहमनशाह म्हणून गादीवर बसला. फौज तीच होती, घोडेही तेच होते. बदलले ते फक्त खुतब्यातले नाव. याच मुलखात शंभर वर्षे आधी सेनापतिपद घराण्यात मुरताना दिसते. यादव सिंघणाचा सेनापती खोलेश्वर याच्या घराण्याचे शिलालेख आंबेजोगाईत आहेत. त्याच्यानंतर गुजरातच्या मोहिमेवर त्याचा मुलगा राम गेला आणि नर्मदाकाठी पडला.

मोगलांनी हा धडा नीट वाचला होता. धारूरचा किल्ला त्यांनी १६३१ च्या सुरुवातीला, दख्खनच्या भीषण दुष्काळात, निजामशाहीकडून घेतला. पुढे बीड आणि फतेहाबाद, म्हणजे धारूर, ही त्यांच्या औरंगाबाद सुभ्यातली सरकारे झाली. मोगलांची मनसबदारी हा दूरवरून फौज उभारण्याचा जगातला एक अत्यंत विचारपूर्वक केलेला प्रयत्न होता. प्रत्येक सरदाराला दोन आकडे मिळत. ‘जात’ म्हणजे त्याचा दर्जा आणि स्वतःचा पगार. ‘सवार’ म्हणजे त्याने बाळगायचे घोडेस्वार. त्यासाठी त्याला जहागीर मिळे. ती जमिनीची मालकी नसे, ठरावीक मुलखाचा महसूल वसूल करण्याचा हक्क असे, आणि तीही दर काही वर्षांनी बदलली जाई, म्हणजे सरदाराची मुळे एका जागी रुजू नयेत. गणतीच्या वेळी भाड्याचे घोडे उभे करून फसवणूक होऊ नये म्हणून घोड्याला डाग देत आणि स्वाराची चेहरेपट्टी लिहून ठेवत. एवढा बंदोबस्त असूनही कागदावरची फौज आणि मैदानातली फौज यांत केवढे अंतर पडे, हे शाहजहानच्या नियमावरूनच कळते. जहागीर असलेल्याच सुभ्यात नोकरी असेल तर सरदाराने सवार दर्जाच्या एक तृतीयांश स्वार आणावेत, दुसऱ्या सुभ्यात एक चतुर्थांश, आणि बाल्खसारख्या दूरच्या मोहिमेवर एक पंचमांश. हजार सवारांच्या मनसबीवर बाल्खला दोनशेच स्वार आले तरी ते नियमात बसे. अंतर वाढले की फौज आटते, हे मोगलांनी कायद्यातच लिहून ठेवले होते. काल्पनिक साम्राज्याबद्दल लिहिणाऱ्याने हा नियम हाताशी ठेवावा, कारण राजधानीपासून लांबच्या ग्रहावर पोचणारी फौज नोंदवहीतल्या फौजेचा लहानसा भागच असणार.

मग औरंगजेबाने काय केले? १६८१ मध्ये तो स्वतः दख्खनेत आला आणि १७०७ मध्ये मरेपर्यंत उत्तरेत परतला नाही. अंतराचा प्रश्न त्याने राजधानी छावणीत आणून सोडवला, पण त्याची किंमत दिल्ली-आग्र्याने मोजली. दख्खनी सरदार वळवून घेण्यासाठी नव्या मनसबी वाटाव्या लागल्या आणि द्यायला पुरेशा वसुलीच्या जहागिरी उरल्या नाहीत. मनसब आहे पण जहागीर नाही, अशा सरदाराचे घोडे पहिल्या दुष्काळात विकले जातात. आयझॅक असिमोव्ह यांच्या ‘फाउंडेशन अँड एम्पायर’ या १९५२ च्या पुस्तकात याच दुखण्याची दुसरी बाजू आहे. सीमेवरचा कर्तबगार सेनापती बेल रिओस जिंकू लागतो, तेव्हा सम्राट त्यालाच परत बोलावतो, कारण दूरवर यशस्वी होणारा सेनापती गादीला शत्रूपेक्षा धोक्याचा. असिमोव्ह यांच्यासमोर रोमचा इतिहास होता. दख्खनचा असता तरी हेच प्रकरण लिहून झाले असते.

इथे पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप येतो. सरदारांवर विसंबायचेच कशाला? घोडा सरकारी ठेवा, पगार रोख द्या, जहागीर कुणालाच देऊ नका. हे शक्य आहे याचा पुरावा आपल्याच इतिहासात आहे. शिवाजी महाराजांच्या पागेत बारगीर होते, म्हणजे सरकारी घोड्यावरचे स्वार. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवाल्यांचा एक जुमला, दहा जुमल्यांवर हजारी, त्यावर पंचहजारी आणि सर्वांवर सरनोबत. दर पंचवीस स्वारांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. स्वतःच्या घोड्यावर येणारे शिलेदारही होते, पण पागेचे वजन त्यांच्यापेक्षा जास्त. पावसाळ्यात फौज छावणीत, दसऱ्याला बाहेर, आणि निघताना व परतताना प्रत्येकाच्या सामानाची झडती, म्हणजे लूट सरकारात जमा होते की नाही हे पाहता यावे. पखालजी आणि नालबंद ही या व्यवस्थेतली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी माणसे. घोड्याला पाणी आणि नाल सरकारकडून मिळतो तेव्हा स्वाराला दुसऱ्या धन्याची गरज उरत नाही. तरीही ही व्यवस्था कोणत्या आकाराच्या राज्यात चालली हे विसरता येत नाही. राजगड किंवा रायगडाहून निघालेली फौज त्याच हंगामात परत येऊन झडती देऊ शकत होती. १६८९ नंतर राजाराम महाराज जिंजीला गेले आणि लढाई सह्याद्रीपासून कावेरीपर्यंत पसरली, तेव्हा झडती घेणारे केंद्रच जागेवर राहिले नाही. मग जो जेवढी फौज उभी करील त्याला तेवढा मुलूख तोडून द्यावा लागला. शिवाजी महाराजांचे धोरण कुणी विसरले म्हणून हे घडले नाही. पागा चालवायला रोकड लागते, रोकडीसाठी हाताखालचा वसुलीचा मुलूख लागतो, आणि तोच तेव्हा शत्रूच्या ताब्यात होता.

यातून निघालेली रचना १७१९ च्या सनदांत पक्की झाली. बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई आणि सरदेशमुखी आणली. चौथाईच्या बदल्यात शाहू महाराजांनी बादशाही कामासाठी १५ हजार घोडदळ ठेवायचे होते. बीड ज्या सुभ्यात होते तो औरंगाबाद सुभा या सहांपैकीच. म्हणजे एका साम्राज्याने दुसऱ्या उगवत्या सत्तेला फौजेचे कंत्राट दिले आणि मोबदल्यात महसुलाचा वाटा लिहून दिला. हीच साखळी खाली चालली. पेशव्यांनी सरदारांना सरंजाम दिले, त्यात ‘जात’ म्हणून सरदाराचा खर्च आणि ‘फौज’ म्हणून स्वारांचा खर्च वेगळा धरला जाई. सरदारांनी शिलेदार ठेवले. मोहीम निघण्याआधी शिलेदाराला नालबंदी म्हणून आगाऊ रक्कम मिळे, तिच्यातून तो घोडा सजवी आणि घरी काही ठेवी. घोडा मेला तर नुकसान शिलेदाराचे. या एका अटीत या फौजेचे सारे गुणदोष आहेत. सरकारला हजारो घोड्यांचे भांडवल घालावे लागत नाही, आणि स्वार जनावराची जिवापाड काळजी घेतो. पण ज्याचा घोडा मेला की घर बुडणार, तो तोफेच्या तोंडी घोडा घालताना दोनदा विचार करणारच. त्याला भित्रा म्हणणारे इतिहासकार आहेत. मला ते अन्यायाचे वाटते. त्याच्यावर कुणी कोणता धोका टाकला होता, हे आधी पाहावे.

जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत पानिपतचा निकाल उलटा लागलेले जग आहे. मराठी विज्ञानकथेने साम्राज्याच्या फौजेचा विचार केला त्याचे हे सर्वांत ठळक उदाहरण, आणि तिथे प्रश्न रणांगणावरच्या क्षणाचा आहे. मी इथे त्याच्या आधीच्या महिन्यांकडे पाहतो. निजामावरच्या उदगीरच्या विजयानंतर मार्च १७६० मध्ये पेशव्यांचे सेनापती सदाशिवराव भाऊसाहेब यांची फौज परतूरहून, म्हणजे बीडच्या उत्तरेला लागून असलेल्या आजच्या जालना जिल्ह्यातून, निघाली. ऑगस्टमध्ये दिल्ली हाती आली तेव्हा तिजोरी इतकी रिकामी होती, की लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासचे चांदीचे छत उतरवून त्याची नाणी पाडावी लागली. जानेवारीत पानिपतावर उपाशी फौज लढली. घरापासून हजार-बाराशे किलोमीटरवर शिलेदाराला ना नवा घोडा मिळतो, ना त्याची पत असलेला सावकार.

आणि पानिपतानंतर अडीच वर्षांनी, १० ऑगस्ट १७६३ रोजी, गेवराई तालुक्यातल्या राक्षसभुवनला जे घडले ते या साऱ्या चर्चेचे सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे. त्या वर्षी हैदराबादच्या निजाम अलीने पुणे जाळले. त्याच्या बाजूने कोण होते? नागपूरचे जानोजी भोसले आणि मिरजेचे गोपाळराव पटवर्धन. दोघेही मराठा राज्याचे मोठे सरंजामदार. पटवर्धनांचा राग समजण्यासारखा होता, कारण पेशव्यांचे काका राघोबादादा यांनी त्यांच्या मिरजेवर हात घातला होता. भोसल्यांना पुण्याच्या दरबारात वरचा हात हवा होता. दोघांनी जाताना आपली फौज बरोबर नेली. कायद्याने ती राज्याच्या चाकरीची. प्रत्यक्षात तिचे घोडे, पगार आणि निष्ठा सरदाराच्या घरातल्या. मग अठरा वर्षांच्या माधवराव पेशव्यांनी आणि राघोबादादांनी जानोजीला मुलखाचे आश्वासन देऊन वळवले, आणि तो ऐनवेळी निजामाला सोडून बाजूला झाला. निजाम अली पावसाळ्यात भरलेली गोदावरी ओलांडून उत्तरेला गेला होता. त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेली फौज घेऊन दक्षिण तीरावर होता. मराठ्यांनी त्याला तिथे गाठले. विठ्ठल सुंदर मारला गेला आणि निजामाला पैलतीरावरून काही करता आले नाही. नदीचे एक पात्र ओलांडता न येणे आणि तारकांमधली पोकळी ओलांडता न येणे, यांत आकाराचा फरक प्रचंड आहे, परिणामाचा नाही: फौजेचा एक भाग दुसऱ्याच्या नजरेसमोर संपतो. पण राक्षसभुवनला गोदावरीइतकेच जानोजीनेही काम केले. माधवरावांना ते पुरते कळले होते. १७६९ मध्ये जानोजीला नमवून केलेल्या कनकापूरच्या तहात त्यांनी कलम घातले, की पेशव्यांच्या परवानगीशिवाय भोसल्यांनी आपली फौज वाढवू नये आणि कमीही करू नये. अपुरी फौज घेऊन येणारा सरंजामदार जितका निरुपयोगी, तितकाच जास्त फौज बाळगणारा धोक्याचा, हे त्या कलमाने मान्य केले.

आता दुसरा आक्षेप. हे सगळे टपालवाल्या जासुदांच्या काळातले आहे. कादंबरीतल्या साम्राज्यात क्षणात निरोप पोचवणारे यंत्र कल्पिले, की मध्यस्थ सरदाराची गरज संपेल. हे मला पटत नाही, आणि न पटण्याचे कारण आजच्या बीडमध्येच आहे. दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून लाखो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. त्यांच्या हातात मोबाइल आहेत, कारखान्यांकडे गाड्या, संगणक आणि बँका आहेत. कारखान्याला वाटले तर तो प्रत्येक मजुराला थेट फोन करू शकतो. तरीही भरती मुकादमामार्फत होते. मुकादम उचल घेतो, गावात वाटतो, टोळी बांधतो. नवरा-बायकोची जोडी एक कोयता म्हणून मोजली जाते, आणि अंगावरची उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामाला पुन्हा जावे लागते. कारखान्याकडे निरोपाची कमतरता नाही. कोणत्या घरात लग्न आहे, कुणाला आता पैशाची निकड आहे, कोण पळून जाईल, पळाला तर कुणाच्या दारात जाऊन वसूल करायचे, हे ज्ञान आणि ती पोच त्याच्याकडे नाही; ती मुकादमाकडे आहे. नालबंदी घेणारा सरदार आणि उचल घेणारा मुकादम यांचा धंदा वेगळा, पण बांधणी तीच: आगाऊ रक्कम, ओळखीची टोळी, हंगामाचा करार आणि बुडीत गेल्यास सगळ्यांत खालच्या माणसावर पडणारा बोजा. डच इतिहासकार डर्क कोल्फ यांनी १९९० च्या पुस्तकात उत्तर हिंदुस्थानातल्या शिपाईगिरीकडे अशाच श्रमबाजाराच्या नजरेने पाहिले, आणि त्यांना दिसले की शेतकरी हंगामी शिपाई होता आणि जमादार त्याचा भरती करणारा. जलद निरोपाने केंद्राला हिशेब लवकर मिळतो, पण माणूस कुणाच्या शब्दावर घर सोडतो हे त्याने बदलत नाही. त्यामुळे क्षणात निरोप देणारे साम्राज्यही फौजेसाठी ग्रहोग्रहीच्या मुकादमांकडेच जाईल असे मी मानतो.

तिसरा आक्षेप यंत्रमानवांचा आणि ठरवून घडवलेल्या शिपायांचा. ज्याला घर नाही, गाव नाही, अशी फौज बनवा, म्हणजे ती केंद्राशिवाय कुणाची होणार नाही. ‘स्टार वॉर्स’ मालिकेच्या २००२ च्या चित्रपटात कामिनो ग्रहावर अशी फौज मागणीनुसार तयार होते. इतिहासात याच्या जवळचा प्रयोग म्हणजे गुलामांची फौज: तुर्कस्तानात जानिसारी, दख्खनेत हबशी. गुलामाला घर नसते म्हणून तो फक्त धन्याचा, असा त्यामागचा हिशेब. तो किती चुकला हे अहमदनगरच्या निजामशाहीने पाहिले. लहानपणी विकला गेलेला एक हबशी मुलगा, मलिक अंबर, त्या राज्याचा सर्वेसर्वा झाला आणि १६२६ मध्ये मरेपर्यंत सुलतान त्याच्या मर्जीने गादीवर बसत होते. राज्य त्याने सांभाळले, मोगलांना रोखून धरले, जमिनीची नवी मोजणी बसवली. त्याच्या कर्तृत्वाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण घर नसलेला शिपाई आपले घर फौजेतच उभारतो, हे त्याच्या आयुष्याने दाखवले. यंत्रमानवाला महत्त्वाकांक्षा नसेल असे मानले तरी त्याचा कारखाना आणि त्याचे सुटे भाग कुणाच्या तरी ताब्यात असतात, आणि मग सरदारकी त्या माणसाकडे जाते. फ्रँक हर्बर्ट यांनी १९६५ च्या ‘ड्यून’मध्ये हे अचूक पकडले आहे. तिथे सम्राटाकडे सार्दौकार ही कठोर ग्रहावर घडवलेली खासगी फौज आहे, सरदार घराण्यांच्या आपापल्या फौजा आहेत, पण तारकांमधली वाहतूक तिसऱ्याच एका संघाच्या मक्तेदारीत आहे. सम्राटाच्या शिपायांनाही त्या संघाच्या जहाजातून भाडे भरूनच जावे लागते.

घोडा सरकारचा झाला तो शेवटी कसा, हेही याच जिल्ह्यात पाहता येते. खर्ड्याच्या लढाईत मराठ्यांकडून हरल्यानंतर तीन वर्षांनी, १७९८ मध्ये, निजामाने रेमाँने उभारलेल्या फ्रेंच पद्धतीच्या पलटणी मोडून ईस्ट इंडिया कंपनीची तैनाती फौज स्वीकारली. पुढे रेसिडेंट हेन्री रसेल याच्या नावाची ब्रिगेड उभी राहिली आणि तिच्यातून हैदराबाद काँटिंजंट वाढली: पगार निजामाचा, अधिकारी इंग्रज. तिच्या घोडदळाची एक छावणी आंबेजोगाईला, तेव्हाच्या मोमिनाबादला होती. हे घोडदळ शिलेदारी होते. स्वाराची जागा, म्हणजे असामी, पैसे भरून मिळे. घोडा, खोगीर आणि चारा त्याच्या पगारातून. काही जणांकडे अनेक असाम्या असत आणि त्यांवर ते बारगीर बसवत. मराठा आणि मोगल फौजांचे जुने अर्थकारण इंग्रजांनी जसेच्या तसे ठेवले, कारण ते स्वस्त होते. निजामाला मात्र ते स्वस्त पडले नाही. पगार थकत गेला, थकबाकीचे कर्ज झाले, आणि १८५३ मध्ये त्या कर्जापोटी वऱ्हाड, नळदुर्ग आणि रायचूर दुआब कंपनीकडे लावून द्यावे लागले. नळदुर्ग आणि रायचूर १८६० मध्ये परत मिळाले. वऱ्हाड कधीच मिळाले नाही, आणि १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात ते कायमचे इंग्रजांकडे गेले. परक्याच्या हाताखालच्या फौजेचा पगार देता देता एक अख्खा प्रांत गेला. तारकासाम्राज्याच्या कथेत एखादी सूर्यमाला अशीच गेली, तर वाचकाने ती अतिशयोक्ती समजू नये.

या फौजेच्या करारात अंतराची मर्यादाही होती, लिहिलेली नसली तरी शिपायांच्या मनात. जून १८५७ मध्ये औरंगाबादच्या छावणीत पहिल्या रिसाल्याच्या स्वारांनी निजामाच्या मुलखाबाहेर, दिल्लीच्या बादशहाविरुद्ध लढायला जाणार नाही असे सांगितले. पुण्याहून जनरल वुडबर्नची फौज आणून त्यांना चिरडण्यात आले. काहींना तोफेच्या तोंडी दिले, काहींना फाशी. त्या स्वारांना बंडखोर म्हणा वा देशभक्त, त्यांचा मुद्दा साधा होता: आमची चाकरी कुणाची आणि कुठपर्यंत, हे आम्हाला ठाऊक आहे.

१९०३ मध्ये काँटिंजंट हिंदी लष्करात विलीन झाली आणि तिचे रिसाले डेक्कन हॉर्ससारख्या नावांनी ओळखले जाऊ लागले. शिलेदारी तेव्हाही चालूच होती. तार आली, रेल्वे आली, तोफखाना बदलला, आणि घोडा अजून स्वाराच्याच खर्चाचा होता. ती मोडली ती फ्रान्समध्ये. १९१४ मध्ये २० वी डेक्कन हॉर्स पश्चिम आघाडीवर गेली. १४ जुलै १९१६ रोजी सोमच्या लढाईत हाय वूडजवळ तिने भाले घेऊन हल्ला केला. पण दख्खनच्या बाजारातून घोडा घेणारा स्वार फ्रान्समध्ये मेलेल्या घोड्याच्या जागी दुसरा कुठून आणणार? खोगीर कोण पुरवणार, चारा कोण आणणार? सरकारला सगळे हाती घ्यावे लागले, आणि युद्धानंतर १९२१ पर्यंत शिलेदारी पद्धत रद्द झाली. त्याच सुमारास डेक्कन हॉर्सचे दोन जुने रिसाले एकत्र करण्यात आले.

इथे माझ्याच मांडणीला कुणी हरकत घेईल: अंतर वाढले की घोडा सरदाराकडे जातो असे आधी म्हटले, आणि फ्रान्सचे अंतर सर्वांत मोठे असताना तो सरकारकडे कसा आला? उत्तर साम्राज्याच्या कर गोळा करण्याच्या ताकदीत आहे. औरंगजेबाकडे अंतर होते, रोकड संपत होती. राजाराम महाराजांकडे अंतर होते आणि रोकड नव्हतीच. १९१४ च्या ब्रिटनकडे आयकर होता, युद्धकर्ज उभारणारा बाजार होता, समुद्रावरची जहाजे होती आणि घोडे विकत घ्यायला अमेरिका होती. अंतर जेव्हा महसुलाच्या पुढे धावते, तेव्हा घोडा सरदाराचा होतो. महसूल अंतराला गाठतो, तेव्हा तो सरकारचा होतो. प्रकाशवर्षांच्या अंतराला गाठेल असा महसूल कोणत्या साम्राज्याला जमवता येईल, हे कादंबरीकाराने आधी ठरवावे लागते. कारण खजिना नेणारे जहाजही फौजेच्याच वेगाने चालते, आणि चाळीस वर्षांनी पोचणाऱ्या पगारावर कुणी शिपाई राहत नाही. अशा साम्राज्यात दूरच्या सुभ्याची फौज त्याच सुभ्याच्या वसुलीवर, तिथल्याच माणसाच्या हाताखाली आणि त्याच्याच यानांवर उभी राहील. सम्राटाच्या हाती उरेल ते सनद देणे, जहागीर बदलणे आणि एका जानोजीला दुसऱ्याविरुद्ध वळवणे.